तासाची घंटा फायर अलार्मच्या हूटरवर वाजवावी का?

प्रश्न असा आलाय की शाळेची तीन मजली इमारत आहे, फायर एनओसीसाठी नवीन फायर अलार्म बसवलाय, प्रत्येक मजल्यावर पॅसेजमध्ये हूटर लागलेत आणि नेमकी जुनी इलेक्ट्रिक बेल बंद पडलीये. मग तास बदलायची, मधल्या सुट्टीची आणि शाळा सुटायची घंटा याच हूटरवर दिली तर चालेल का? वायरिंगचा खर्च वाचेल, आणि इलेक्ट्रिशियन म्हणतोय एक बटण टाकून देतो, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

सर, थेट सांगतो, ते बटण टाकू देऊ नका. मी बरीच वर्षं फायर अलार्मच्याच कामात आहे, हॉस्पिटल, मॉल, कारखाने सगळं केलंय, पण हा प्रश्न फक्त शाळांकडून येतो आणि तो चुकीचा प्रश्न नाहीये. भिंतीवर चांगला मोठ्ठा आवाज करणारी वस्तू लागलीये आणि वर्षभर ती गप्प बसणार, तर वापरूया की, असं कुणालाही वाटेल. परदेशात असं करतातही, त्याबद्दल पुढे सांगतो.

आधी बटणाचं बघू. तुमचं पॅनल, म्हणजे फायर अलार्मचा कंट्रोल बॉक्स, साधं कन्व्हेन्शनल असणार, म्हणजे इमारतीचे दोन-चार झोन, म्हणजे भाग, दाखवणारं, आत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. त्यातून हूटरला जी दोन वायरची लाइन जाते ती नुसती लाइन नसते. पॅनल त्या लाइनवर सतत उलट्या पोलॅरिटीने, म्हणजे प्लस-मायनस उलटे करून, थोडासा करंट सोडून ठेवतं, हूटरच्या आत एकाच दिशेने करंट जाऊ देणारा डायोड असतो म्हणून हूटर वाजत नाही, आणि शेवटच्या हूटरला एक रेझिस्टर लावलेला असतो, त्याला आम्ही एंड ऑफ लाइन म्हणतो. त्या रेझिस्टरमधून येणाऱ्या करंटवरून पॅनलला कळतं की वायर शेवटपर्यंत शाबूत आहे, उंदराने कुरतडली नाही, रंगाऱ्याने तोडली नाही. आग लागली की पॅनल पोलॅरिटी पलटवतं आणि हूटर वाजतात. आता या लाइनमध्ये मध्येच बाहेरून २४ व्होल्टचा अडॅप्टर आणि बटण घुसवलं की प्रत्येक वेळी पॅनलला वाटतं लाइनमध्ये काहीतरी बिघडलंय, ते फॉल्ट दाखवतं, बझर पीं पीं करत बसतो. मग ऑफिसमधलं कुणीतरी वैतागून बझर म्यूट करतं, मग कुणीतरी हूटरचं सर्किटच डिसेबल करून टाकतं, आणि एक दिवस वायर खरंच तुटते तेव्हा सांगायला कुणी नसतं.

एका शाळेत मी हेच बघितलंय, पॅनल सारखं फॉल्ट दाखवतंय म्हणून बोलावलं होतं, उघडून बघतो तर हूटरच्या टर्मिनलवर टेपने गुंडाळलेली एक जास्तीची वायर, ती सरळ मुख्याध्यापकांच्या टेबलाखालच्या डोअरबेलच्या बटणाला गेलेली, आणि वरच्या मजल्याची हूटरची लाइन कधीपासून तुटलेली होती ते कुणालाच सांगता आलं नाही. तिथे वरच्या मजल्यावर पाचवी ते सातवीचे वर्ग बसत होते.

दुसरा जुगाड याहून वाईट, तो म्हणजे बटण कॉल पॉइंटच्या, म्हणजे आग दिसली की काच दाबायच्या लाल डब्ब्याच्या, लाइनवर टाकणं. मग प्रत्येक तासाला पॅनलच्या हिशेबाने शाळेला आग लागते. लिफ्ट जोडलेली असेल तर ती खाली येऊन थांबते, बाहेर मेसेज जायची सोय असेल तर तो जातो, आणि अॅड्रेसेबल पॅनल, म्हणजे प्रत्येक उपकरण वेगळं ओळखणारं, असेल तर त्याच्या मेमरीत खोट्या आगींची अशी रांग लागते की खरी घटना शोधताच येत नाही.

पण समजा वायरिंग अगदी नियमात केलं, तरी माझा मुख्य आक्षेप उरतोच, आणि तो विजेचा नाहीये, मुलांच्या पायांचा आहे.

शाळेतल्या घंटा नीट आठवून बघा. सकाळची पहिली घंटा झाली की मुलं मैदानातून आत येतात. तासाची घंटा झाली की मुलं जागेवरच बसतात, फार तर प्रयोगशाळेत जातात. मधली सुट्टी झाली की डबे घेऊन बाहेर. सुट्टी संपली की पळत आत. शाळा सुटली की दप्तर पाठीवर टाकून, धक्काबुक्की करत जिन्याकडे. म्हणजे एकाच घंटेचे पाच अर्थ, त्यातले दोन "इमारतीत या" असे आहेत. आता मधल्या सुट्टीत स्टोअररूममध्ये किंवा खिचडी शिजते त्या शेडमध्ये आग लागली, हूटर वाजला, आणि हाच हूटर रोज सुट्टी संपल्याचं सांगत असेल, तर मैदानावरची पोरं कुठे पळणार? आत. पहिली-दुसरीची तर नक्कीच, कारण त्यांना तेच शिकवलंय आणि उशीर झाला तर ओरडा बसतो. आणि वर्गात असताना वाजला तर ती शाळा सुटल्यासारखी दप्तर भरत बसतील, वॉटरबॅग शोधतील, जिन्यात गर्दी करतील. आगीच्या वेळी नेमकं उलटं हवं असतं, दप्तर तिथेच, ओळ करून, न पळता, बाई पुढे आणि मॉनिटर शेवटी.

आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरायला हवी. दिवसाला दहा घंटा धरल्या तर मूल वर्षाला दोन हजारांवर वेळा तो आवाज ऐकणार आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ साधाच असणार. त्यासमोर तुम्ही वर्षातून दोन मॉक ड्रिल घेणार. कुठली सवय जिंकेल हे सांगायला नको. आणि हे फक्त मुलांचं नाही, शिक्षकांचंही आहे, हूटर वाजला की बाई घड्याळ बघणार आणि म्हणणार अजून तास संपायला दहा मिनिटं आहेत, मामांनी चुकून दाबलं वाटतं. त्या एका मिनिटात पॅसेजमध्ये धूर भरतो.

आता परदेशाचं, कारण तुमच्या ट्रस्टींचे चिरंजीव तिकडे असतात आणि त्यांनी सांगितलंय की तिकडच्या शाळांमध्ये हे सर्रास चालतं. त्यांचं म्हणणं खरं आहे. ब्रिटनमध्ये मिळणाऱ्या बऱ्याच फायर पॅनलवर क्लास चेंज नावाचं वेगळं टर्मिनलच असतं, त्याला घड्याळाचा कॉन्टॅक्ट जोडला की हूटर वाजतात पण पॅनल आगीत जात नाही, फायरचा रिले, म्हणजे बाहेरच्या यंत्रणांना सिग्नल देणारा आतला स्विच, पडत नाही, फायर ब्रिगेडकडे सिग्नल जात नाही. अमेरिकेतही घंटा आणि फायर अलार्म हे धंदे एकमेकांना चिकटूनच वाढले, १९५८ मध्ये आयबीएमने आपला घड्याळांचा विभाग सिंप्लेक्स कंपनीला विकला आणि ही सिंप्लेक्स शाळांची मास्टर घड्याळं पण बनवायची आणि फायर अलार्म पण. तिथल्या एनएफपीए १०१ या अग्निसुरक्षेच्या कोडमध्ये शाळांना सूट आहे की स्थानिक अधिकाऱ्याला मान्य असेल तर फायर अलार्म सिस्टिम तास बदलायला वापरता येते, पण अट अशी की आगीचा आवाज वेगळा ओळखू आला पाहिजे आणि तो वाजायला लागला की बाकी सगळं बंद पडलं पाहिजे.

या अटीवरच सगळं उभं आहे. आगीसाठी तिकडे एक ठरलेली लय आहे, आयएसओ ८२०१ या आंतरराष्ट्रीय मानकात ती दिलीये आणि अमेरिकेत नवीन सिस्टिमना १९९६ पासून सक्तीची आहे. अर्धा-अर्धा सेकंदाचे तीन आवाज, मध्ये अर्धा-अर्धा सेकंद शांतता, तिसऱ्यानंतर दीड सेकंद थांबायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. पीं, पीं, पीं, थांबा. पीं, पीं, पीं, थांबा. तिथलं पोर बालवाडीपासून हे ऐकतं, घरातला स्मोक अलार्मही असाच वाजतो, त्यामुळे लांबलचक एक घंटा म्हणजे तास आणि तीन-तीनची लय म्हणजे बाहेर, हा फरक अंगात मुरलेला असतो. आपल्याकडे ती लय मुलाने घरी ऐकलेली नसते, सोसायटीत ऐकलेली नसते, आणि शाळेतला हूटर बहुतेक वेळा ज्या कुठल्या टोनवर कंपनीतून आला त्याच टोनवर चालू असतो. तिकडची सोय उचलायची आणि ती सोय ज्या शिस्तीवर टेकलीये ती सोडून द्यायची, हे मला पटत नाही.

आणि तिकडेही एका आवाजाला दोन अर्थ पडले की काय होतं ते लोकांनी पाहिलंय. फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्लोरिडात पार्कलंडच्या शाळेत गोळीबार झाला, १७ जण गेले, त्या दिवशी सकाळी फायर ड्रिल होऊन गेलं होतं आणि दुपारी गोळीबाराच्या धुराळ्याने फायर अलार्म वाजला, तेव्हा काही मुलं नेहमीप्रमाणे वर्गातून पॅसेजमध्ये आली जेव्हा खरं तर दार लावून आत बसायला हवं होतं. आपल्याकडे त्या प्रकाराची भीती कमी, पण भूकंपाची आहे. कोयना, पाटण, लातूर, धाराशिव, नांदेड, हिंगोली या भागातल्या शाळांनी हे लक्षात घ्या, भूकंपात आधी बाकाखाली वाकून डोकं झाकायचं आणि हादरा थांबल्यावर बाहेर यायचं असतं, त्यामुळे भूकंपालाही तोच हूटर वाजवू नका, नाहीतर पोरं हलणाऱ्या जिन्यावर धावतील.

हूटरवर घंटा देण्याच्या बाजूने दोन मुद्दे नेहमी मांडले जातात, आणि एक विरोधात, तिन्हींचा हिशोब करून टाकू.

विरोधातला मुद्दा असा की रोज वाजवून बॅटरी संपेल. नाही संपत. वीस हूटर धरा, प्रत्येकी ३० मिलिअँपियर म्हणजे सगळे मिळून ०.६ अँपियर, दिवसातून दहा वेळा पाच-पाच सेकंद म्हणजे ५० सेकंद, गुणाकार केला तर एका अँपियर-तासाचा शंभरावा भागसुद्धा होत नाही आणि बॅटरी सात अँपियर-तासांची असते. त्यामुळे कुणी या कारणावरून नको म्हणत असेल तर ते कारण सोडून द्या.

बाजूचा पहिला मुद्दा चांगला आहे, ब्रिटनचे इंजिनिअर पण हेच सांगतात, की रोज वाजलं की हूटर चालू आहेत याची रोज खात्री होते. खरंय, पण अर्धंच. त्याने हूटर आणि वायर तपासली जाते, धूर ओळखणारा डिटेक्टर नाही, लाल डब्बा म्हणजे कॉल पॉइंट नाही. हीच खात्री हवी असेल तर ब्रिटिश पद्धतीतलीच दुसरी गोष्ट घ्या, आठवड्यातून एकदा ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी एक कॉल पॉइंट चावीने टेस्ट करायचा, दर आठवड्याला वेगळा. शनिवारी सकाळची शाळा असते, परिपाठ संपल्यावर मैदानावर सगळे उभे असतानाच करा, दोन मिनिटं लागतात, रजिस्टरमध्ये लिहा कुठला डब्बा तपासला. आधी सांगून करा म्हणजे गोंधळ नाही, आणि मुलांना आवाजही ओळखीचा होतो, तो ऐकताना ती बाहेर उभी असतात हे अजून चांगलं.

दुसरा मुद्दा खर्चाचा. त्यात फारसा दम नाही. शाळेच्या बेलसाठी वेगळा प्रोग्रॅमेबल टायमर मिळतो, त्यात आठवड्याचं वेळापत्रक भरता येतं, त्याला पॅसेजमधल्या दोन-तीन मोठ्या २३० व्होल्टच्या गाँग बेल जोडा, झालं. तुमच्याकडे प्रत्येक वर्गात स्पीकर असेल, ज्यावर तुम्ही परिपाठ आणि सूचना देता, तर बेलही नको, त्याच अॅम्प्लिफायरवर एक सूर वाजवा. जुन्या शाळांना तर पितळी टोल आहे आणि मामा आहेत, तो टोल बंद करायची काहीच गरज नाही, उलट त्याचा आवाज हूटरपेक्षा इतका वेगळा आहे की त्याहून चांगला फरक विकत मिळणार नाही.

वेगळी बेल बसवताना एक गोष्ट आवर्जून करून घ्या, जी जवळपास कुणीच करत नाही. आग लागली आणि हूटर वाजू लागला की तासाच्या बेलचा टायमर आपोआप बंद पडला पाहिजे. नाहीतर मुलं ओळीने बाहेर येतायत आणि घड्याळात अकरा चाळीस झाले म्हणून सुट्टी संपल्याची बेल वाजली, तर मैदानात पोचलेली पोरं परत फिरतील. पॅनलमध्ये यासाठी रिकामा रिले कॉन्टॅक्ट असतो. मात्र तो कॉन्टॅक्ट साधारण २४ व्होल्टवर एखाद-दोन अँपियरचा असतो, त्यातून २३० व्होल्ट थेट फिरवायचे नाहीत, मध्ये एक वेगळा रिले टाकायचा. तुमच्या इलेक्ट्रिशियनला हे काम द्या, पण पॅनलच्या आतली जोडणी लायसन्स असलेल्या एजन्सीनेच करायची.

हे सगळं ऐकूनही ट्रस्टचा आग्रहच असेल तर किमान एवढं पाहा. पॅनलला क्लास चेंजचा वेगळा इनपुट असला पाहिजे, नसेल तर विषय तिथेच संपला, बाहेरून काही जोडायचं नाही. हूटर दोन टोनचे हवेत आणि तासाचा टोन आगीच्या टोनशी अजिबात जुळता कामा नये, एक सपाट लांब सूर आणि दुसरा तीन-तीनच्या लयीचा. तासाला तीन ते पाच सेकंद, त्यावर नाही. सुट्टी संपल्याची आणि सकाळी आत बोलावण्याची घंटा कोणत्याही परिस्थितीत हूटरवर देऊ नका, ती टोलावर किंवा शिट्टीवरच ठेवा. हूटरबरोबर लाल फ्लॅशर असेल तर तो तासाला लुकलुकता कामा नये, कारण ज्या मुलाला ऐकू येत नाही त्याच्यासाठी तो फ्लॅशर हाच अलार्म आहे आणि त्याचीही सवय आपण तशीच मोडून टाकू. आणि हे सगळं करण्याआधी फायर ऑफिसरला लेखी विचारा. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे, त्याखाली दर जानेवारीत आणि जुलैत लायसन्सधारक एजन्सीकडून फॉर्म बी द्यावा लागतो की सिस्टिम चालू स्थितीत आहे. अशी फेरफार केलेली सिस्टिम बघून मी तरी त्यावर सही करणार नाही.

आवाज पोचतो का हेही एकदा तपासून घ्या, कारण नवीन बसवलंय म्हणजे बरोबर बसवलंय असं नसतं. आयएस २१८९ या फायर अलार्मच्या भारतीय मानकाप्रमाणे हूटरचा आवाज प्रत्येक ठिकाणी किमान ६५ डेसिबल किंवा तिथल्या गोंगाटापेक्षा ५ डेसिबल जास्त हवा. हूटर एक मीटरवर १०० डेसिबलचा असेल तर अंतर दुप्पट झालं की साधारण ६ कमी होतात, म्हणजे आठ मीटरवर ८२ राहिले, आणि वर्गाचं दार बंद असेल तर त्यातले अजून वीसेक जातात, उरले ६२. दार-खिडक्या उघड्या असलेल्या आपल्या नेहमीच्या वर्गात चालून जाईल, पण एसी लावलेली कॉम्प्युटर लॅब, ऑडिओ-व्हिज्युअल रूम आणि टॉयलेट या तीन जागी स्वतः उभं राहून ऐका. लॅबला बहुतेक वेळा आत वेगळा हूटर लागतो.

दोन खोल्यांच्या जिल्हा परिषद शाळेचाही प्रश्न खाली जोडलेला होता, तिथे पॅनलच नाही, फक्त लोखंडी रुळाचा तुकडा टांगलाय, मग काय करायचं. तिथे बहुतेक गुरुजी सांगतात की आग लागली तर सलग घंटा बडवू. पण सलग घंटा म्हणजे शाळा सुटली हे प्रत्येक पोराला माहीत आहे. तीन ठोके द्यावेत तर तो तिसरा तास. म्हणून रुळाला आगीत आणूच नका. हाताने फिरवायचा छोटा सायरन मिळतो तो ऑफिसच्या दाराबाहेर, मुलांच्या हाताला लागणार नाही पण गुरुजींना लगेच काढता येईल असा टांगा. तेवढीही सोय नसेल तर शिट्टी, तीन फुंका, थांबायचं, परत तीन फुंका, सगळे बाहेर येईपर्यंत, आणि पीटीच्या तासाला ती लय वापरायची नाही असं ठरवून टाका.

मी हे इतकं ताणून का सांगतोय तर शाळांच्या आगीत वेळ कसा जातो ते वाचलंय. १ डिसेंबर १९५८ ला शिकागोत अवर लेडी ऑफ द एंजल्स शाळेत ९२ मुलं आणि ३ नन गेल्या, तिथला अलार्म शाळेपुरताच होता, फायर ब्रिगेडशी जोडलेला नव्हता. १६ जुलै २००४ ला तामिळनाडूत कुंभकोणमला ९४ मुलं गेली, आग स्वयंपाकाच्या झावळ्यांच्या छपराकडून आली. त्यानंतरच सुप्रीम कोर्टात अविनाश मेहरोत्रा यांची याचिका झाली आणि १३ एप्रिल २००९ च्या निकालात कोर्टाने सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानला. २०१९ च्या मे महिन्यात सुरतला क्लासच्या इमारतीत २२ जण गेले. या घटनांची कारणं वेगवेगळी आहेत आणि त्यातल्या कुठेही तासाची घंटा दोषी नव्हती, पण सगळीकडे मुलांच्या हातात मिनिटंच होती. त्यातलं एक मिनिट आपण हा कुठला आवाज आहे या विचारात घालवायला लावू नये एवढंच माझं म्हणणं आहे.

तर तुमच्यासाठी कामाचा क्रम असा ठेवा. इलेक्ट्रिशियनला बटणाचं काम थांबवायला सांगा. एजन्सीकडून टोन तीन-तीनच्या लयीवर बदलून घ्या, हूटरच्या आत छोटे स्विच असतात, शिडी लावून बदलायचं काम आहे, सगळे हूटर एकाच टोनवर आलेत ना ते वाजवून बघा. कॉल पॉइंटवर पारदर्शक झाकण बसवा, नाहीतर आठवी-नववीची पोरं गणिताच्या तासाला काच दाबणार आणि मग वैतागून सिस्टिमच बंद ठेवली जाणार. वेगळी बेल दिवाळीच्या सुट्टीत बसवून घ्या, पॅनलच्या रिलेशी जोडून. आणि पहिलं मॉक ड्रिल वर्ग चालू असताना घ्या पण दुसरं मधल्या सुट्टीत घ्या, मुलं मैदानात, व्हरांड्यात, नळावर, टॉयलेटमध्ये विखुरलेली असताना. तेव्हा जिन्याच्या पायथ्याशी दोन शिक्षक उभे करा आणि किती पोरं आत पळतायत ते मोजायला सांगा, तो आकडा पालकसभेत आणि शाळा व्यवस्थापन समितीत ठेवा, पुढच्या ड्रिलला परत मोजा. बोर्डाच्या परीक्षेचं केंद्र असेल तर पर्यवेक्षकांना आधीच सांगून ठेवा की हूटर वाजला तर उत्तरपत्रिका बाकावरच राहतील, मुलं बाहेर, कारण ऐनवेळी तिथेच सगळे अडकतात.